गॅरेजमधलं वर्कशॉप बेताच्या पैशांत: कपाट सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न मी असा वाचला: एका गाडीपुरतं गॅरेज आहे, रात्री गाडी आत घ्यावीच लागते. सुट्टीला लाकूडकाम, एरवी घरातल्या किरकोळ दुरुस्त्या. हत्यारं जमत गेली आणि आता वेळेला एकही सापडत नाही. पैसे बेताचे, तेव्हा भिंतभर पेगबोर्ड (हूक अडकवायला भोकं असलेला तक्ता) लावावा की ड्रॉवरचं लोखंडी कपाट घ्यावं? शिवाय फरशीला इपॉक्सी, म्हणजे कडक राळेचा लेप, मारावं का, हा जोडप्रश्न.

आत्ता दोन्ही नको, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की काम सुरू करण्याआधी बाकावरचं सामान उचलण्यातच निम्मी सकाळ जाते. खरी अडचण त्या वाक्यात आहे. तुमच्याकडे कप्पे कमी नाहीत, मोकळी सपाट जागा कमी आहे. कपाट आणलंत तर बाकावरचं सामान काही दिवस कपाटात जाईल, मग कपाटाच्या डोक्यावर दुसरं सामान चढेल, आणि गॅरेज तेवढं कपाटाच्या मापानं लहान होईल. मी लाकूडकाम आणि फिटिंग दोन्ही करत आलो आहे, लोकांची अशी गॅरेजं लावून द्यायलाही बरेचदा गेलो आहे. जवळपास सगळीकडे कपाट आधी येतं आणि त्यात काय ठेवायचं ते मागाहून ठरतं. मी क्रम उलटा सांगतो: आधी आवराआवर, मग उजेड, वीज, बाक, धुळीची सोय, आणि त्यानंतर भिंती आणि कपाटं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. जागा भाड्याची असेल तर भिंतीला भोकं पाडण्याऐवजी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या चौकटी कराव्या लागतील. भिंत भरीव विटांची आहे की पोकळ ब्लॉकची, यावर तिच्यावर किती वजन टांगायचं ते ठरतं. हवा दमट असेल तर गंजाचा बंदोबस्त यादीत वर येतो. आणि ग्राइंडर-वेल्डिंगचं काम जास्त असेल तर खालचं बरंच बदलेल, कारण ठिणग्या आणि भुसा एका खोलीत नांदत नाहीत. मुख्य काम लाकडाचं आहे असं धरून पुढचं लिहितो.

सुरुवात पैसे न लागणाऱ्या कामानं. टोयोटामुळे जगभर पोचलेली जपानी कारखान्यांची ‘५ एस’ पद्धत तुम्ही ऐकली असेल. तिच्यात वस्तू जागच्या जागी मांडणं ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी लागणारं आणि न लागणारं वेगळं करण्याची. तिथे शंकेच्या वस्तूला लाल चिठ्ठी लावून ठरावीक मुदतीसाठी बाजूला ठेवतात, मुदतीत कोणी मागितली नाही तर ती बाहेर जाते. घरी याचं सोपं रूप असं: बाकावरची, फळ्यांवरची सगळी हत्यारं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरा आणि खोकी एका भिंतीला लावून ठेवा. कामाच्या वेळी जे लागेल ते खोक्यातून काढा, पण काम झाल्यावर परत खोक्यात टाकू नका, बाकाजवळ ठेवा. तीन-चार वेगवेगळी कामं पार पडली की बाकाजवळ एक ढीग तयार होईल. बहुतेकांना तो ढीग किती लहान आहे हे पाहून आश्चर्य वाटतं. मोजपट्टी, गुण्या, पेन्सिल, दोन पटाश्या, एक रंधा, एक हातोडी, पक्कड, ड्रिल आणि त्याचे बिट, दोन-तीन पेचकस, क्लॅम्प (लाकूड घट्ट आवळून धरणारे शिकंजे). हाताच्या अंतरावर जागा हवी ती एवढ्यांनाच. बाकीचं चार पावलं लांब असलं तरी बिघडत नाही, आणि सहा महिने खोक्यातच राहिलेलं गॅरेजच्या बाहेर असलं तरी बिघडत नाही.

उरलेल्या सामानाची विभागणी करताना ‘पेचकस एका जागी, पक्कड एका जागी’ असं करू नका, कामाप्रमाणे करा. आखणी-मापन एकत्र, जोडकाम एकत्र, घासणं-रंगवणं एकत्र. घरातल्या विजेच्या आणि नळाच्या दुरुस्त्या गॅरेजमध्ये होत नाहीत, त्या घरात होतात. म्हणून त्या दोन कामांच्या दोन पिशव्या वेगळ्या करा आणि त्यात स्वतंत्र पेचकस, स्वतंत्र पक्कड, टेस्टर, टेफ्लॉन टेप ठेवा. एकच पक्कड तीन कामांना पुरवण्याच्या काटकसरीतून ‘सापडत नाही’ हा आजार सुरू होतो. लहानसहान हत्यारं दुबार असणं ही उधळपट्टी नाही.

आता उजेड. बेताच्या पैशांत सगळ्यात मोठा फरक याच खर्चानं पडतो, तरीही लोक तो टाळतात, कारण दिवा विकत घेण्यात हत्यार विकत घेण्याची मजा नसते. बारीक कामाच्या जागी साधारण ५०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन, उजेड लागतो. तुमचं गॅरेज ३ बाय ६ मीटर धरलं तर क्षेत्रफळ १८ चौरस मीटर, म्हणजे ९,००० ल्युमेन. भिंती, छत, धूळ यांत वाया जाणारा उजेड धरून १२,००० ल्युमेनची तरतूद करा. चार फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते, म्हणजे अशा सहा ट्यूब. बहुतेक गॅरेजमध्ये छताच्या मधोमध एकच दिवा असतो. बाक भिंतीला असतो, दिवा तुमच्या पाठीमागे, आणि आखलेल्या रेघेवर नेमकी तुमच्याच डोक्याची सावली पडते. म्हणून निदान दोन ट्यूब बाकाच्या पुढच्या कडेच्या किंचित आत, भिंतीच्या बाजूला येतील अशा लावा, म्हणजे उजेड समोरून येईल. उजेडाचा रंग ४,००० ते ५,००० केल्विनच्या दरम्यान ठेवा. पॉलिश किंवा रंग जुळवण्याचं काम करणार असाल तर खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेली ट्यूब घ्या, नाहीतर गॅरेजमध्ये छान दिसलेला रंग उन्हात वेगळाच निघतो. जुन्या चोकच्या ट्यूब असतील तर त्या काढाच. त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि ठरावीक वेगाला फिरणारं पातं थांबल्यासारखं किंवा संथ दिसू शकतं. शेवटचं, भिंती आणि छत पांढरे करून घ्या. दोन ट्यूबांचं काम चुन्याचा एक हात करतो.

विजेत मात्र काटकसर करायची नाही आणि मूळ जोडणी स्वतः करायची नाही, ती परवानाधारक माणसाकडून करून घ्या. मागण्या तुमच्या असू द्या. पहिली: यंत्रांचं सर्किट वेगळं, दिव्यांचं वेगळं. कारण सोपं आहे. यंत्र अडकून एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडला आणि त्याच्याबरोबर दिवेही गेले, तर फिरतं पातं समोर असताना तुम्ही अंधारात उभे असता. दुसरी: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) आणि तपासलेलं अर्थिंग. तिसरी: बाकाच्या वर, पुढच्या बाजूला सॉकेटची ओळ, म्हणजे वायरी बाकाच्या कडेवरून लोंबणार नाहीत. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हाताच्या यंत्रांसाठी निदान १.५ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर, आणि १६ अँपिअरच्या यंत्रासाठी २.५ चौरस मि.मी.ची. बारीक वायरीवर मोटर सुरू होताना लागणारा मोठा प्रवाह मिळत नाही, ती घुरघुरते, तापते आणि लवकर जळते. दोष मात्र यंत्राच्या नावावर जातो. रीळवाली एक्स्टेन्शन वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि आतून वितळते.

बाकाकडे येऊ. तुमच्या सगळ्या सुधारणेचा केंद्रबिंदू हाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

उंची पुस्तकातून घेऊ नका, अंगावरून घ्या. सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपर्यंतची उंची मोजा. रंधा मारायला ती उंची योग्य, कारण तेव्हा खांद्याचं वजन कामावर पडतं. मध्यम उंचीच्या माणसाला ती साधारण ८० ते ८५ सें.मी. येते. पण आखणी, कोरीव काम, बारीक जोडकाम या उंचीवर केलं तर पाठ मोडते. त्यासाठी दुसरा बाक करायची गरज नाही; १५ ते २० सें.मी. उंचीचा घट्ट ठोकळ्यासारखा छोटा बाक करा आणि लागेल तेव्हा मोठ्या बाकावर क्लॅम्पनं बसवा. बाकाची पुढून मागपर्यंतची खोली ६० सें.मी.च्या पुढे नेऊ नका. मोठा बाक म्हणजे चांगला बाक, हा समज सोडून द्या. भिंतीला लागून असलेल्या बाकाच्या ज्या भागापर्यंत हात सहज पोचत नाही तिथे अडगळ साचते, आणि ती हळूहळू पुढे सरकत येते.

पृष्ठभागासाठी १८ मि.मी. प्लायचे दोन थर एकमेकांना गोंदानं चिकटवून, खालून स्क्रू मारून ३६ मि.मी. जाडी करा. भरीव जुना दरवाजा मिळाला तर त्याहून स्वस्त, फक्त तो आतून पोकळ नाही ना हे ठोकून बघा. वर ३ ते ६ मि.मी.चा हार्डबोर्ड चार-सहा स्क्रूंनी नुसता बसवा, चिकटवू नका. गोंद, रंग, करवतीच्या खुणा त्याच्यावर पडू द्या. खराब झाला की उलटा, मग बदला. बाक डगमगतो तो पायांच्या जाडीमुळे नाही. तो डगमगतो कारण चौकटीला तिरपा आधार नसतो. मागच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना प्लायचा तुकडा पूर्ण स्क्रू करून लावा, तेवढ्यानं चौकट ताठ होते. खालच्या फळीवर जड सामान ठेवा, वजनानं बाक जागेवर राहतो.

तुमच्याकडे गाडी आत येते, त्यामुळे मी एकच बाक भिंतीला कायमचा करीन, बोनेटसमोरच्या आखूड भिंतीला. भिंतीला एक आडवी पट्टी घट्ट मारून बाकाची मागची कड तिच्यावर टेकवली की मागचे पायही लागत नाहीत. बाकी सगळं चाकांवर: टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) असेल तर ती, ड्रिल प्रेस, भंगार लाकडाची गाडी. चाकं घेताना चाकाचं फिरणं आणि वळणं दोन्ही एकाच पायपट्टीनं बंद होईल अशी घ्या. नुसता ब्रेक असलेलं चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि यंत्र हलतं. चाकावरच्या सगळ्या टेबलांची उंची टेबल सॉच्या उंचीइतकी ठेवली तर एक टेबल दुसऱ्याला आधार देतं, आणि लांब फळी कापताना दुसरा माणूस बोलवावा लागत नाही. आणखी एक: पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला बहुधा दाराकडे उतार असतो. त्यामुळे बाकाच्या पायांखाली फिरवून उंची जुळवता येणारे बोल्ट लावा, आणि चाकांवरचं यंत्र ब्रेक न लावता कधी सोडू नका.

टेबल सॉ अजून घेतली नसेल तर थांबा. ८ बाय ४ फुटांचा १८ मि.मी. प्लाय ३० किलोच्या आसपास भरतो, आणि तो टेबल सॉमधून काढायला यंत्राच्या पुढे आठ फूट, मागे आठ फूट मोकळे लागतात. एका गाडीच्या गॅरेजमध्ये ते मिळत नाहीत. त्यापेक्षा जमिनीवर जाड घट्ट फोमचा तक्ता पसरा, त्यावर प्लाय ठेवा आणि सर्क्युलर सॉनं, म्हणजे हातात धरायच्या गोल पात्याच्या करवतीनं, कापा. पातं प्लायच्या खाली तीन-चार मि.मी. एवढंच बाहेर ठेवा. सरळ कापण्यासाठी घरगुती मार्गदर्शक पट्टी बनवा: ६ मि.मी. प्लायची रुंद पट्टी घ्या, तिच्यावर एक सरळ काठी चिकटवा, आणि काठीला सॉ टेकवून एकदा पूर्ण लांबी कापून टाका. खालच्या पट्टीची जी कड उरते तीच तुमच्या सॉची नेमकी कापरेषा. पुढे आखलेल्या रेघेवर ती कड ठेवली, दोन क्लॅम्प मारले, की मोजामोज संपली. टेबल सॉचे वाचलेले पैसे क्लॅम्पमध्ये घाला. क्लॅम्प किती घेतले तरी शेवटच्या जोडाला एक कमीच पडतो.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात, टाकलं आहे. दिसणारा भुसा त्रासदायक असला तरी खरा घातक भाग डोळ्यांना न दिसणारा असतो आणि तो काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत राहतो. म्हणून क्रम असा: धूळ जिथे निर्माण होते तिथेच ओढून घ्या, उरलेली हवेतून गाळा, आणि मास्क लावाच. व्हॅक्युम क्लीनरच्या आधी झाकणवाल्या बादलीचा सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारी सोय) लावला तर जवळपास सगळा भुसा बादलीत पडतो, फिल्टर तुंबत नाही आणि ओढ टिकते. हवा गाळायला पंखा आणि फिल्टरची पेटी पुरते. २०२० मध्ये कोविडच्या काळात रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या नावानं गाजलेली रचना आठवते का? चार मर्व्ह १३ फिल्टर (बारीक धूळ अडवणाऱ्या दर्जाचे) चौकोनात उभे करायचे, वर साधा पंखा हवा बाहेर फेकेल असा ठेवायचा, फटी चिकटपट्टीनं बंद. वर्कशॉपलाही ती उत्तम चालते. मास्क एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा. कापडी रुमाल बारीक धूळ अडवत नाही. आणि काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं बाक झटकू नका, बसलेली धूळ पुन्हा उडते.

कानांचंही यातच उरकतो. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला, म्हणजे सर्क्युलर सॉच्या आसपासच्या आवाजाला, फक्त १५ मिनिटं. कानझापडी (कान झाकणारी इअरमफ) सॉच्या हँडललाच अडकवून ठेवा, म्हणजे ती काढल्याशिवाय सॉ हातात येणार नाही.

आता तुमचा मूळ विषय, भिंती आणि कपाटं. पेगबोर्ड वाईट नाही, पण तो ज्यांची संख्या आणि आकार बदलत नाही अशा हलक्या वस्तूंसाठी चांगला: पाने, पक्कड, पेचकस. ३ मि.मी.चा हार्डबोर्डवाला मध्ये पोटात येतो आणि हत्यार काढताना त्याचा हूकही हातात येतो. घ्यायचाच तर जाड किंवा पत्र्याचा घ्या, आणि हूक मागे जायला भिंतीपासून दीड-दोन सें.मी. अंतर ठेवून पट्ट्यांवर बसवा.

मी तुम्हाला फ्रेंच क्लीट, म्हणजे वस्तू टांगायला एकमेकींत अडकणाऱ्या तिरप्या कडांच्या पट्ट्या, सुचवीन, कारण ते उरलेल्या प्लायमधून होतं आणि अजून मांडणी ठरायची आहे अशा माणसाला ते जास्त सोयीचं आहे. १८ मि.मी. प्लायची साधारण १५ सें.मी. रुंद पट्टी लांबीत मधोमध ४५ अंशांत कापा, दोन पट्ट्या मिळतील. एक भिंतीवर लावायची, तिरपी कड वर आणि तिचं टोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यात खाच राहते. दुसरी पट्टी उलटी करून वस्तूच्या पाठीला लावायची. ती वरून खाचेत बसते आणि वजनानं आणखी घट्ट होते. भिंतभर अशा आडव्या पट्ट्या लावल्या की रंध्यांची फळी आज इथे, उद्या तिथे. भरीव विटेत ८ मि.मी.चा प्लग आणि किमान ६० मि.मी.चा स्क्रू, दर ४० सें.मी.वर. पोकळ ब्लॉकमध्ये साधा प्लग फिरत राहतो, तिथे पोकळीत उघडणारे अँकर लागतात, आणि तरीही जड वस्तू जमिनीवरच्या चौकटीवर ठेवणं शहाणपणाचं.

फळ्या करताना एक हिशोब लक्षात असू द्या. वजन तेवढंच असताना दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर फळी आठपट वाकते. जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणून १८ मि.मी. प्लायला ६० ते ८० सें.मी.वर आधार द्या आणि पुढच्या कडेला चार-पाच सें.मी. रुंदीची पट्टी उभी मारा. फळ्यांची खोली कमी ठेवा. खोल फळीवर एका वस्तूमागे दुसरी लपते, आणि लपलेली वस्तू तुम्ही पुन्हा विकत आणता.

स्क्रू-खिळे-वायसरसाठी एकाच मापाच्या झाकणाच्या पारदर्शक बरण्या पुरतात. ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावलेली बरणी मात्र ठेवू नका, सगळं तिच्यातच जातं. लाकडाच्या तुकड्यांना जागा ठरवून द्या, मापाचा नियम करा आणि ती जागा भरली की नवा तुकडा ठेवताना जुना काढा. माझा नियम एक फुटाचा आहे, त्याहून लहान मऊ लाकूड ठेवत नाही; सागवान किंवा शिसव असेल तर नियम सैल. पूर्ण प्लाय उभे, भिंतीला टेकून, जमिनीपासून थोडे उचलून ठेवा.

धारेचा कोपरा कायमचा हवा, भले तो एक हात रुंद असो. मांडायला वेळ लागणारी धार कोणी लावत नाही, मग बोथट पटाशी जोरानं ढकलली जाते आणि हात कापतो. ६ मि.मी. काचेवर ओला-सुका पॉलिश पेपर, ४०० पासून २,००० पर्यंत, आणि शेवटी चामड्याची पट्टी. पटाशीला २५ अंशांचा उतार, टोकाला ३० अंशांची बारीक धार. दगडांचा महागडा संच नंतर घ्या.

गंजाचं एक कारण तुमच्या गॅरेजमध्ये रोज आत येतं: पावसात भिजलेली गाडी. तिच्यावरचं पाणी बंद खोलीतच सुकतं आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजतं. अशा दिवशी गाडी आत घेतल्यावर काही वेळ दार उघडं ठेवा. बिडाच्या टेबलांना पेस्ट वॅक्सचा हात द्या. सिलिकॉन असलेलं नको, ते लाकडाला लागलं तर पॉलिश तिथे धरत नाही. आणि आम्लाची बाटली, फरशी धुण्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, गॅरेजमध्ये ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ सुटते आणि सगळी हत्यारं महिन्याभरात तांबूस दिसायला लागतात.

आगीबाबत चारच गोष्टी. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती वाळताना उष्णता सोडतात आणि ढिगात आपोआप पेटतात. एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. गाडीच्या शेजारी ग्राइंडर चालवायचा असेल तर गाडी बाहेर काढा. दार बंद ठेवून इंजिन कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एबीसी पावडरचं (वेगवेगळ्या प्रकारच्या आगींवर चालणारं) अग्निशामक दाराजवळ लावा; मागच्या भिंतीवर असेल तर ते आणायला आगीतून जावं लागेल.

म्हणजे पैशांची वाटणी अशी: वायरिंग, मास्क, क्लॅम्प आणि एक नेमका गुण्या यांवर हात आखडू नका. बाक, क्लीट, मार्गदर्शक पट्टी, धुळीची बादली स्वतः करा. ड्रॉवरचं लोखंडी कपाट या सगळ्यानंतर, वापरलेलं मिळालं तर उत्तम, आणि ५ ते ८ सें.मी.च्या उथळ ड्रॉवरचं बघा. खोल ड्रॉवरमध्ये हत्यारं एकमेकांवर रचली जातात.

राहिली फरशी. १८ इंच चौरस प्लास्टिक काँक्रीटवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि किमान १६ तास तसंच राहू द्या. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर जमिनीतून ओल येते आहे, तिथे इपॉक्सी पोपडे होऊन निघेल. कोरडं निघालं तरी बेताच्या पैशांत मी बाकासमोर जाड रबरी चटई टाकून थांबेन: पाय दुखत नाहीत आणि हातातून सुटलेल्या पटाशीची धार वाचते. पण इपॉक्सी करायचं मनात असेलच, तर ते यंत्रं आणि कपाटं येण्याआधी, खोली रिकामी असतानाच होतं. तेव्हा खोकी भराल त्याच आठवड्यात ही प्लास्टिकची चाचणी उरकून घ्या.